आधी तिला पाहा

"रंगावर जाऊ नका, भाऊ," सुचिता सिस्टर म्हणाली, आणि दोन दिवसांत पहिल्यांदाच गुणवंताला जे बरं वाटलं होतं ते तिथल्या तिथं संपलं. ती रागानं बोलली नव्हती. बाळाच्या दंडाला पट्टी गुंडाळता गुंडाळता बोलली होती. बोट कापल्यावर चिंधी बांधतो तेवढीशी ती पट्टी, आणि बोलताना तिचं सगळं लक्ष यंत्रावरच्या आकड्याकडे होतं. आकडा आला. तिनं बटण दाबून पुन्हा मोजला. दुसरा आकडा पाहून ती दाराशी गेली, बाहेरच्या आयाला म्हणाली, "मॅडमले बोलाव, लवकर," आणि परत येऊन गुणवंताला हातानंच बाहेर व्हायची खूण केली. तो बाहेर आला. अंगावरचा दवाखान्याचा झगा काढायचा राहिला, पायातल्या रबरी चपला तशाच राहिल्या. काचेपलीकडे त्याचा मुलगा, दोन दिवसांचा, अकराशे ग्रॅमचा, अजूनही तितकाच छान गुलाबी दिसत होता. इतका छान, की सिस्टरचीच काहीतरी चूक होत असेल असं त्याला वाटलं. लोक उगाच घाबरवतात, दवाखान्यातले तर जास्तच, असंही वाटलं. मग डॉक्टर अमृता जिना उतरून आली, ती चालत नव्हती, पळत होती, आणि गुणवंता भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

त्याआधी बारा मिनिटं गेली होती. दारावर घड्याळ होतं, म्हणून ती त्याला पक्की माहीत होती. घड्याळ नसतं तर पाच म्हणून तरी स्वतःची समजूत घालता आली असती. सौसरच्या या दवाखान्यात खाली बाळांचा कक्ष होता आणि वर बाळंतिणींचा. आई-बापांपैकी एकाला दुपारी एक वाजता थोडा वेळ आत सोडत. आत सहा बाळं होती आणि त्या वेळेला सिस्टर एकटी होती. गुणवंताच्या जुळ्यांच्या काचेच्या पेट्या शेजारी शेजारी होत्या. तो मध्ये उभा राहिला, पेटीच्या गोल भोकातून हात घालून आधी मुलीच्या तळपायाला बोट लावलं. तळपाय गार होता. नुसता गार नाही, त्याच्यावर निळसर जाळी उमटली होती, आणि पायाला गुंडाळलेली लाल दिव्याची पट्टी नाडी पकडत नव्हती म्हणून तिचं यंत्र ओरडत होतं. मग मुलाच्या पायाला लावलं. तो कोमट, मऊ, शेकोटीपुढं बसून आल्यासारखा. सिस्टर दाब मोजायची पट्टी घेऊन मुलाकडेच निघाली होती. गुणवंता म्हणाला, "ताई, आधी तिले पाहा. बाबू मस्त आहे. पोरगी पाहा कशी थंडी पडली." सिस्टरनं त्याच्याकडे पाहिलं, ओरडणाऱ्या यंत्राकडे पाहिलं आणि वळली. मुलीचे लोकरी मोजे बदलले, टोपी खाली ओढली, लाल दिव्याची पट्टी एका पायावरून दुसऱ्या पायावर, तिथून हातावर नेली. गार पायात नाडी लवकर सापडत नाही. सापडली तेव्हा बारा मिनिटं झाली होती. या सगळ्या वेळात गुणवंता मुलाकडे पाहत होता आणि मनाशी म्हणत होता, याची तरी काळजी मिटली.

पांढुर्ण्याहून तिगावकडे जाताना डाव्या हाताला त्यांची संत्र्याच्या कलमांची नर्सरी होती. रोज सकाळी वाफ्यांमधून चालायचं आणि जे रोप मान टाकतंय त्याच्यापाशी आधी थांबायचं, हे तो चड्डीत होता तेव्हापासून शिकला होता. "हिरव्याले घाई नसते," दादाजी म्हणायचे. दादाजी म्हणजे त्याचे वडील. सगळं गाव दादाजी म्हणे, म्हणून तोही म्हणे. फिक्याला आधी पाणी, फिक्याला आधी सावली, हिरवं आपलं आपण पाहून घेतं. असं करून त्यांनी हजारो कलमं जगवली होती. दवाखान्यात शिरताना माणूस चपला बाहेर काढून ठेवतो, धंदा काढून ठेवत नाही. त्याची बोटं पेटीत गेली ती बापाची म्हणून गेली, पण पाहिलं त्यांनी माळ्यासारखं. पान कोणतं फिकं, कोणतं तजेलदार. त्या पाहण्यात एक क्षणसुद्धा शंका आली नाही, हेच त्याला नंतर सगळ्यात जास्त खुपत राहिलं. शंका आली असती आणि चुकला असता तर निदान चूक तरी म्हणता आली असती.

नुसता धंद्याचा दोष म्हणावा तर तेही पुरतं खरं नव्हतं. 'आधी तिला' हे शब्द त्याच्या तोंडात कित्येक महिने तयार होते. सोनोग्राफीत दोन आहेत असं कळलं त्या दिवशी परतताना रामाकोन्याजवळ त्यानं मोटरसायकल थांबवली होती, उर्वशीला उसाचा रस पाजला होता आणि म्हणाला होता, "एक पोट्टा एक पोट्टी झाली नं, तं पहिला घास पोट्टीले." उर्वशी म्हणाली, "आन् दोनी पोट्टे झाले तं?" "मंग तुले." ती हसली, रस नाकात गेला, ठसका लागला. त्याला तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला होता. आपण घरातल्या जुन्या माणसांसारखे नाही, असं त्याला स्वतःबद्दल वाटायचं आणि ते कुणाला तरी दिसावं असंही वाटायचं. त्याचं मूळ पल्लवीताईत होतं. ताई त्याच्याहून दोन वर्षांनी मोठी, आता वरूडला नांदते. लहानपणी सकाळी आई दोन पेले दूध द्यायची आणि साय त्याच्या पेल्यात टाकायची. ताईनं कधी मागितली नाही. उलट एखाद्या दिवशी साय विरजणात गेली तर तीच त्याच्या वतीनं आईशी भांडायची. तो नऊ-दहा वर्षांचा झाला तेव्हा हे त्याच्या लक्षात आलं, आणि लक्षात आल्यावरही तो साय खात राहिला. आई गेली, ताई सासरी गेली, ही गोष्ट मात्र घरातच राहिली. मुलगी झाली तर तिच्या बाबतीत ती फेडायची, असं त्यानं ठरवून टाकलं होतं. त्या दुपारी सिस्टर मुलाकडे निघालेली दिसताच त्याच्या आतलं जुनं काहीतरी उठलं. पाहा, इथंही आधी मुलगाच. आणि तो बोलला. चांगल्या मनानं बोलला. ज्या एका गोष्टीत तो स्वतःला चांगला समजत होता तीच नेमकी आडवी आली. आता वाईट वागून चूक झाली असती तर बरं, असं म्हणायची पाळी आली होती.

दादाजी त्याच सकाळी येऊन गेले होते. वाटेत जामसावळीला उतरून हनुमानाचा अंगारा आणला होता. सिस्टरनं तो आत नेऊ दिला नाही, तेव्हा त्यांनी बोटानं काचेलाच लावला, दोन पेट्यांच्या सरळ रेषेत दोन बोटं. मग कपाळावर हात धरून पुष्कळ वेळ आत पाहिलं. वाफ्याच्या टोकाशी उभं राहून ते असंच पाहत. जंभेरी लिंबाच्या रोपाला चीर देऊन संत्र्याच्या काडीवरचा कोंबाचा डोळा बसवला, पट्टी बांधली, की वीसेक दिवसांनी ती सोडतात. डोळा हिरवा असला तर धरला, काळा पडला तर गेला. दादाजींना पट्टी सोडायचीही गरज पडत नसे, ते वरच्या देठावरून सांगत. त्यांनी काचेवरचं तोंड मागं घेतलं आणि म्हणाले, "पोट्टा धरला." मग थोडं थांबून, "पोट्टीचं काई सांगता येत नाई." गुणवंता एकदम चिडला. "दोनी धरतीन. तुमी असं बोलून नका राहू इथं," तो म्हणाला. दादाजींनी डब्याची पिशवी त्याच्या हातात दिली आणि वर सुनेला दारातूनच पाहून पांढुर्ण्याची बस धरली. आता आठवताना गुणवंताला आपली लबाडी दिसत होती. तो चिडला होता दुसऱ्या वाक्यावर. पहिल्या वाक्यावर मात्र त्यानं मुकाट विश्वास ठेवला होता. म्हाताऱ्याच्या तोंडून निघालेला तो एक शब्द घेऊन तो सकाळभर हिंडला, दोनदा चहा प्यायला, आणि दुपारी सिस्टरला म्हणताना 'मस्त आहे' हे जे त्याच्या तोंडून निघालं ते खरं तर दादाजींचंच होतं.

वरच्या मजल्यावर उर्वशीचा दाब उतरत नव्हता आणि खाली मुलाचा चढत नव्हता. सातवा लागल्यावर तिचे पाय सुजले होते. दोघांचं ओझं आहे, सुजायचेच, असं सगळे म्हणाले, तीही म्हणाली. मग एका सकाळी तिला डोळ्यांपुढं काजवे दिसायला लागले. इथं आणल्यावर डॉक्टरनं दाब मोजला आणि म्हणाली, बाळं आजच काढावी लागतील, नाहीतर आईचं काही खरं नाही. तेव्हापासून तिच्या खोलीत उजेड कमी ठेवला होता, मोठ्यानं बोलायची बंदी होती, तिला धक्का बसेल असं काही सांगायचं नाही असा हुकूम होता. दुसऱ्या दिवशी सकाळी तिचा दाब जरा उतरलेला दिसला म्हणून चाकाच्या खुर्चीतून तिला दोन मिनिटं खाली आणलं होतं. ती काचेतून पाहत राहिली, काही बोलली नाही, आणि वर नेताना तिनं नुसता गुणवंताच्या बाहीचा काठ धरून ठेवला. आता दोन मजल्यांमध्ये तो जिन्यावर होता. वर गेलं की आया हळूच सांगे, एकशे सत्तर. खाली आलं की सिस्टर काही सांगत नसे, पण काचेतून यंत्रावर बावीस, चोवीस असलं काहीतरी दिसे. एकाच घरातलं रक्त, एकीकडे नळी फुटेल इतकं जोरात आणि दुसरीकडे धारच लागत नाही. शेतावर असं झालं असतं तर त्यानं पाना घेतला असता, वरचा कॉक अर्धा बंद करून खाली पाणी काढून दिलं असतं. गुडघ्यावर बसून चिखलात हात घालून काहीतरी केलंच असतं. इथं त्याच्या हातांना काही काम नव्हतं. ते नुसते होते, कोपरापासून खाली, धुतलेले, साबणाचा वास येणारे. त्यानं ते मांडीखाली दाबून धरले.

डॉक्टर अमृता नागपूरची, तिशीतली, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. संध्याकाळी ती बाहेर आली. सलाइन दिलं होतं, मग दाब वाढवायचं औषध बारीक पंपातून सुरू केलं होतं, आता दुसरं लावलं होतं. "थोडा प्रतिसाद आहे," ती म्हणाली. गुणवंतानं विचारलं, "नागपूरले नेऊ का मॅडम? गाडी करतो." तिनं मान हलवली. तिकडच्या मोठ्या डॉक्टरांशी ती फोनवर बोलली होती, ते जे देतील तेच इथं चालू होतं. "दीड तासाचा रस्ता आहे. गाडीत नाही टिकणार तो. हात लावला तरी आकडा खाली येतोय." गुणवंता म्हणाला, "दिसते तं एकदम चांगला." हे त्यानं का म्हटलं हे त्यालाही कळलं नाही. जणू डॉक्टरशी घासाघीस चालली होती आणि त्याच्याकडे एवढं एकच नाणं होतं. ती म्हणाली, "हो. दिसतो." आणि आत गेली. बाहेर रस्त्यावरून संत्र्यानं भरलेल्या गाड्या नागपूरकडे जात होत्या, पौषातली थंडी दाराखालून आत येत होती. गेल्या वर्षी याच दिवसांत तो आणि उर्वशी दिवसभर डोळे बांधत बसले होते. ती पट्टी बांधायची, तो चीर द्यायचा. त्याची चीर खोल गेली की ती रोपाच्या वतीनं "आई गं" म्हणायची. त्याला हसू यायचं. आता ते आठवलं आणि त्यानं हात पुन्हा मांडीखाली घेतले.

तिसऱ्या दिवशी सकाळी साडेअकराच्या सुमारास मुलगा गेला. गुणवंता काचेशी उभा होता. डॉक्टरनं दोन अंगठ्यांनी त्याची छाती दाबली, पुष्कळ वेळ दाबली, सुचिता सिस्टर तोंडानं मोजत होती, मग मोजणं थांबलं. आणि तेव्हा कुठं त्याचा रंग गेला. आधी ओठाभोवतीचा, मग कपाळाचा, मग पोटाचा, संध्याकाळी अंगणातलं ऊन एकेका फरशीवरून उठत जातं तसा. गुणवंता ते पाहत होता आणि त्याला राग आला, मुलाचाच राग आला. काल दुपारी असा झाला असतास तर मी म्हटलं नसतं का सिस्टरला, आधी याला पाहा. एवढं एकदा तरी फिकं व्हायचं होतं. मग आपण कुणावर रागावतोय हे त्याच्या ध्यानात आलं आणि तो खाली बसला. आयानं त्याला पाणी दिलं. ते त्यानं दोन्ही हातांनी धरलं आणि प्यायला नाही.

दादाजी भाड्याची जीप आणि ड्रायव्हर घेऊन आले. त्यांनी मुलाला आपल्या मांडीवर घेतलं. आजीनं, म्हणजे उर्वशीच्या आईनं, दोन दुपटी शिवून पाठवली होती, त्यातलं एक त्याला गुंडाळलं होतं. ते एवढं मोठं झालं की आत काही आहे असं वाटत नव्हतं. "कोठी ठेवू?" दादाजींनी विचारलं. "मागच्या बांधाजवळ. पाटाच्या अल्याड," गुणवंता म्हणाला. त्याला जाता येत नव्हतं. वरून उर्वशी विचारेल आणि तो नसेल तर तिला कळेल, आणि तिचा दाब अजून एकशे साठ होता. म्हणजे लेकरू त्याचं आणि मूठमाती दुसऱ्याच्या हातची. दादाजी जीपमध्ये बसले, दार लावायला हात बाहेर काढला आणि तसाच ठेवला. "रंग तं चांगला होता," ते म्हणाले. गुणवंताला नाही, कुणालाच नाही. सत्तर वर्षांचा माणूस, आपल्या डोळ्यांवर जगलेला, आणि ते डोळे असे आपल्या मांडीकडे लावून बसलेला. गुणवंताला वाटलं, आता म्हाताऱ्याला जवळ घ्यावं. त्यानं दार लावलं. जीप गेली.

दुपारी डॉक्टरनं त्याला तिच्या खोलीत बसवलं. समोर खुर्ची होती, तो कडेवर टेकला. ती म्हणाली, "इतक्या लवकर आलेल्या बाळांमध्ये मुलगे जास्त जातात, हे सगळीकडे दिसतं. पहिले दोन-तीन दिवस फार नाजूक असतात. मुलींच्या बारीक रक्तवाहिन्या आवळून राहतात. हातपाय गार पडतात, रंग फिका दिसतो, पण रक्त आत राहतं, मेंदूला, हृदयाला मिळत राहतं. मुलांच्या वाहिन्या सैल पडतात. रक्त कातडीत पसरतं, बाळ छान दिसतं, आणि आतला दाब उतरत जातो. सगळ्याच मुलांचं होत नाही. पण मुलींपेक्षा जास्त होतं." गुणवंतानं विचारलं, "असं काहून होते मॅडम?" ती म्हणाली, "नीट कळलेलं नाही अजून. शोध चालू आहे." त्यानं मान हलवली. न कळलेल्या गोष्टीचं त्याला वावडं नव्हतं. एका वाफ्यात, एका मातीत, एकाच झाडाचे डोळे बांधले तरी काही धरतात, काही नाही, आणि का ते दादाजींनाही कुठं माहीत होतं. त्याला दुसरंच विचारायचं होतं. "मी सिस्टरले म्हनलं होतं, आधी तिले पाहा. बारा मिंटं गेले." डॉक्टरनं त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "मुलीचं यंत्र ओरडत होतं. तुम्ही काही बोलला नसता तरी सिस्टर तिच्याकडेच गेली असती." "आन् त्या बारा मिंटानं काई..." "नाही," ती म्हणाली. आणि मग, त्याच्या डोळ्यांत पाहत असल्यामुळेच असेल, "बहुतेक नाही." ती प्रामाणिक होती हीच पंचाईत होती. जरा खोटं बोलणारी असती तर त्याचं आयुष्य सोपं झालं असतं. नाही म्हणजे नाही, हो म्हणजे हो, दोन्हीत माणूस कसाबसा घर करतो. 'बहुतेक'मध्ये ना भिंत ना छप्पर, आणि त्याला आता तिथंच राहायचं होतं.

बाकावर येऊन बसल्यावर त्याला लोधीखेड्याचे कवडूजी आठवले, आणि त्यानं डोळे मिटून घेतले, तरी ते आठवतच राहिले. दोन पावसाळ्यांमागं कवडूजी कलमं न्यायला आले होते. त्यांना सगळ्यात काळपट हिरवी, मोठ्या पानांची हवी होती. गुणवंतानं त्यांना थांबवलं होतं. "काका, तो युरियाचा हिरवा आहे. मातीत गेला का बसते खाली. हे लहान घ्या. मुळं पाहा, पान पाहून नका राहू." नुसतं सांगितलंच नाही, पिशवी फाडून दाखवलं होतं. त्या फिकट, खुज्या कलमाला आत पांढऱ्या मुळांचं भरगच्च जाळं होतं. कवडूजी पटलं म्हणाले, तीच घेऊन गेले, आणि आता त्यांची बाग उभी आहे. म्हणजे त्याला माहीत होतं. वरचा रंग आतलं सांगतोच असं नाही, हे तो गिऱ्हाइकाला शिकवत होता. मग त्या दुपारी हेच का नाही आठवलं? हिरव्याले घाई नसते, हेच का आठवलं? माणसाजवळ प्रत्येक गोष्टीला दोन म्हणी असतात, आणि वेळेला कोणती तोंडात येईल ते काही आपल्या हातात नसतं. शेवटी त्याला वाटलं, आठवलं असतं तरी काय केलं असतं. पिशवी फाडून पाहता येते. लेकराचं काय पाहणार होतो. या विचारानं त्याला बरं वाटायला हवं होतं. नाही वाटलं. तो उठून काचेशी गेला. मुलगी तशीच होती, नऊशे तीस ग्रॅम, फिकी, पायांवर जाळी, मुठी घट्ट मिटलेल्या. शेजारची पेटी पुसून उघडी ठेवली होती. त्यानं पहिल्यांदा मुलीला नीट पाहिलं. इतके दिवस तिला पाहत होता तो तिच्या फिकेपणाला पाहत होता. ती सगळं आत ओढून, आवळून धरून पडली होती, कुणी शिकवलं नव्हतं तरी. गुणवंताला तिचं कौतुक वाटलं आणि तिची भीतीही वाटली. एवढुशा जिवाला एवढं घट्ट राहावं लागावं, याची त्याला लाज वाटली.

चार वाजता सुचिता सिस्टर त्याच्याजवळ आली. "वहिनींचा दाब उतरला, भाऊ. मॅडम म्हनते, आता सांगा. उद्या त्यांना खाली आनाचं आहे, दूध द्याले. तवा रिकामी पेटी पाहतीन." तिचे डोळे सुजलेले होते. "मी येऊ का सोबत?" तो नको म्हणाला. जिन्याला एकोणीस पायऱ्या होत्या. काय शब्द वापरायचा ते त्याला ठरवता येत नव्हतं. गेला, नाही राहिला, सोडून गेला. जगात आजवर इतकी माणसं मेल्याचं कुणी ना कुणी सांगितलं असेल आणि तरी एक धड शब्द नाही.

उर्वशी उशीला टेकून बसली होती. कोणीतरी तिची वेणी घातली होती, चेहऱ्यावरची सूज उतरली होती, तिला कित्येक दिवसांत पहिल्यांदा तिच्यासारखी दिसताना त्यानं पाहिलं. खिडकीचा पडदा थोडा उघडला होता. तिनं त्याच्याकडे पाहिलं, आणि तो खाटेपर्यंत पोचायच्या आत म्हणाली, "सांगू नका."

तो स्टुलावर बसला.

"कधी?" तिनं विचारलं.

"सकाळी."

तिनं भिंतीकडे तोंड फिरवलं. टाके ओढले जात होते म्हणून ती पोटावर हात दाबून रडली, आवाज न करता, खांदे मात्र हलत होते. त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. मनात म्हणाला, सांगून झालं, निदान एवढं झालं. मग ती म्हणाली, "माही पोरगी."

त्याला लगेच समजलं नाही.

"मले मालूम होतं," ती भिंतीशीच बोलत राहिली. "काचेतून पायलं नं मी, तवाच समजलं. पांढरी फट्ट पडली होती. हात नाई, पाय नाई, कायी हलवून नाई राहिली. तुमाले म्हनाचं होतं मी, तिच्याकडं ध्यान ठेवा म्हून. नाई म्हनलं. म्हनलं, बोललं तं खरं होईन." तिनं पदरानं नाक पुसलं. "ठंडीच गेली असन बिचारी."

गुणवंताचा हात तिच्या पाठीवर तसाच होता. त्याला तोंड उघडायचं होतं. ते उघडत नव्हतं, आणि का उघडत नाही हे त्याला हळूहळू कळत गेलं. खाली मुलगी जिवंत होती. इथं, उर्वशीजवळ, मुलगा जिवंत होता. या खाटेवर, ती बोलत राहील तेवढ्या वेळापुरती, त्याची दोन्ही लेकरं होती. सकाळपासून पहिल्यांदाच दोन्ही होती. ते त्याच्यानं मोडवेना. रडू दे तिला, तो स्वतःशी म्हणाला, आणखी थोडं रडू दे. असला विचार करणारा माणूस आपणच आहोत याचं त्याला आश्चर्यही वाटलं नाही.

उर्वशीनं तोंड वळवलं. त्याचा चेहरा पाहून तिनं त्याच्या गालाला हात लावला. "तुमी असे नका होऊ," ती म्हणाली. "बाबू आहे नं आपला. बाबूकडं पाहाचं आता." तिनं उशीपाशी ठेवलेली लहानशी वाटी उचलून दाखवली, तळाला पिवळसर दूध होतं, दोन चमचेसुद्धा नसेल. "सिस्टरनं काढून दिलं आता. न्या खाली, बाबूले देजा."

त्यानं वाटी घेतली. ती कोमट होती. आता गप्प राहिलं तर ते खोटं बोलणं होईल, एवढं त्याला कळलं. "उर्वशी," तो म्हणाला. "पोरगी आहे."

तिला कळलं नाही.

"पोरगी आहे आपली. बरी आहे. खाली आहे, मी आताच पाहून आलो. मुठी आवळून पडली आहे."

तिचा चेहरा उजळला. तो आनंद खरा होता, पुरता होता, तिच्या डोळ्यांत, ओठांत, ओल्या गालांवर सगळीकडे एकदम आला. तिनं त्याचं मनगट घट्ट धरलं, वाटीतलं दूध हिंदकळलं. "खरं सांगून राहिले?" ती म्हणाली. "जित्ती आहे?"

"खरं. जित्ती आहे."

"अगं माय," ती म्हणाली, आणि हसली, रडता रडता हसली. गुणवंता तिच्याकडे पाहत राहिला, कारण दुसरं काहीच त्याला करता येण्यासारखं नव्हतं. हसणं तिच्या तोंडावर तसंच होतं, पण बोटं मनगटावर सैल पडत चालली होती.

"मंग?" तिनं विचारलं.